अर्जुनाची साल आणि आत्याची जीभ

माझी आत्या एकतीस वर्षं थुंकण्याचा पगार घेत होती. हे मी तिच्यासमोर कुणाला सांगितलं की ती लगेच दुरुस्ती करायची, "थुंकायच्या आधी चावावं लागतं. तेवढंही सांगत जा."

नोकरी होमिओपॅथीच्या औषधांच्या कारखान्यात. हुद्दा कच्चा माल तपासनीस. पोत्यांतून झाडांच्या साली, मुळं, बिया यायच्या. त्या खऱ्या की खोट्या ते हिने सांगायचं. बाकीचा माल ती डोळ्यांनी आणि नाकाने निकालात काढायची. अर्जुनाच्या सालीला मात्र जीभ लावावीच लागे.

त्याचं कारण असं की अर्जुन हे नदीकाठचं उंच, पांढुरकं, गुळगुळीत अंगाचं झाड. त्याचा भाऊबंद ऐन. ऐनाची साल काळी आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. दोघं शेजारी उभे असले तर शाळेतलं पोरही फरक सांगेल. पण कारखान्यात झाड येत नाही. कंत्राटदार वरचा पापुद्रा खरवडून, बोटाएवढे तुकडे करून, वाळवून पाठवायचा. म्हणजे दोघांचाही चेहरा गेलेला. दोन्ही तांबूस, दोन्ही तुरट. त्यात ऐन हवा तेवढा मिळतो आणि अर्जुन शोधत हिंडावं लागतं, त्यामुळे कंत्राटदाराचा हात अधूनमधून ऐनाकडे वळायचा. चुकून, असं तो म्हणायचा. वर्षातून चारदा चुकून.

मग आत्या आपल्या स्टुलावर बसायची. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून एकेक तुकडा काढायची. मोडायची आणि मोडल्याचा आवाज ऐकायची. आतल्या बाजूला अंगठ्याच्या नखाने ओरखडा काढायची. मग तुकडा दाढेखाली धरून मनात चाळीस आकडे मोजायची. तेवढा वेळ गोदामात कुणी बोलायचं नाही. ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा खोकला दाबून धरायचा. चाळीस झाले की ती कोपऱ्यातल्या एनॅमलच्या भांड्यात थुंकायची आणि म्हणायची, "आहे." किंवा, "नाही." तिसरा शब्द नाही. तिचं म्हणणं, अर्जुनाचा तुरटपणा जिभेच्या मधोमध बसतो आणि ऐनाचा कडेकडेने पसरतो. मी एकदा दोन्ही चावून पाहिले. मला दोन्ही वेळा दार चावल्यासारखं वाटलं.

कारखान्यात एक केमिस्ट बाई होती, तिच्याकडे काचेच्या पट्ट्या होत्या. सालीचा अर्क पट्टीवर ठिपक्याएवढा ठेवायचा आणि रंगाचे पट्टे किती वर चढतात ते बघायचं. पण या कामाला वेळ लागायचा. म्हणून कारखान्याची जुनी रीत अशी की आत्या "आहे" म्हणाली की माल थेट आत. केमिस्टकडे जायचा तो फक्त शंकेचा. आणि आत्याला शंका सहसा यायची नाही. कामगार तिला समोर ताई म्हणायचे आणि पाठीमागे तुरटी. तिला दोन्ही माहीत होतं.

आता यातली खरी गंमत सांगते. साल पास झाली की ती भरडून दारूत भिजत घालायची. काही आठवड्यांनी गाळायची. तो झाला मूळ अर्क. तोही बाटलीतून विकला जायचा, पण बराचसा पुढच्या खोलीत जायचा. तिथे अर्काचा एक भाग, नव्याण्णव भाग दारूपाणी, आणि बाटलीला कातडी गादीवर आपटून दहा झटके. त्यातला एक भाग घ्यायचा, पुन्हा नव्याण्णव, पुन्हा झटके. असं तीस वेळा, कधी दोनशे वेळा. शेवटी बाटलीत साल शोधायची म्हटली तर पोलीस लावूनही सापडणार नाही. म्हणजे माझी आत्या जी साल खरी असावी म्हणून दाढा झिजवत होती, ती औषधात औषधालाही उरू नये म्हणून शेजारच्या खोलीत बारा माणसं घाम गाळत होती.

मी त्याच कारखान्यात लेबलं छापायच्या खात्यात होते. आत्यानेच चिकटवलं होतं. लागल्या लागल्या मी तिला विचारलं, "अगं, शेवटी काही उरतच नाही, तर अर्जुन असला काय आणि ऐन असला काय?"

"बाटलीवर तू काय छापतेस?"

"अर्जुन."

"मग झालं. आत काही नसेना का. पण जे नाहीये ते अर्जुनच नसलं पाहिजे."

तिचा या औषधांवर काडीइतकाही विश्वास नव्हता. झटक्यांच्या खोलीला ती 'व्यायामशाळा' म्हणायची. स्वतःच्या रक्तदाबाला ती साधी, दुकानात मिळणारी गोळी घ्यायची आणि तीही जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांदेखत, घोटभर पाण्याबरोबर. आमचे मालक स्वतः होमिओपॅथीचे डॉक्टर आणि मनापासून मानणारे. ते तिथून जाताना तोंड फिरवायचे. पण तिच्या 'आहे'वर त्यांनी कधी दुसरी सही मागितली नाही. औषधावर विश्वास नसलेली बाई आणि तिच्यावर विश्वास असलेला डॉक्टर, असा तो संसार एकतीस वर्षं बिनबोभाट चालला.

घरी आम्ही तिघं. मी, आत्या आणि माझे बाबा, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ. आई लवकर गेली, आत्याने लग्न केलं नाही, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत आम्ही एकमेकांच्या डोक्यावर मिरे वाटत सुखाने राहत होतो. बाबांची हयात वजनमापे खात्यात गेली. दुकानादुकानांतले तराजू तपासायचे, खरे असतील त्यांना शिक्का मारायचा, खोटे असतील ते जप्त करायचे. त्यामुळे शिक्का नसलेल्या कोणत्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्या जन्माच्या दाखल्यावर शिक्का अर्धवट उमटलाय म्हणून ते तो बदलून आणायला तीनदा गेले होते. माझ्या जन्माबद्दल शंका नव्हती, म्हणे, कागदाबद्दल होती.

आत्या नोकरीला लागली तेव्हा त्यांनी तिचीही तपासणी केली होती. जिभेने झाड ओळखते म्हणजे काय? त्यांनी कुठून कुठून सालींचे तुकडे जमवले, कागदाच्या पुड्या बांधल्या, पुड्यांवर आकडे टाकले आणि तिच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. अकरा पुड्या. आत्याने अकराच्या अकरा बरोबर सांगितल्या आणि वर बारावी मागितली, कारण तोंड तुरट होऊन भूक लागली होती. त्या दिवसापासून बाबा आल्यागेल्याला सांगायचे, "आयुष्यात हजारो काटे तपासले. प्रत्येकात केसभर खोट निघाली. एक हिची जीभ सोडून."

बाबांना एकसष्टाव्या वर्षी छातीत दुखायला लागलं, तेव्हा ते औषध म्हणून काय घेणार हे वेगळं सांगायला नको. अर्जुनाचा मूळ अर्क, दहा थेंब, अर्धी वाटी पाण्यात, तीन वेळा. मालकांनीच सांगितलं होतं. बाटली मी आणायचे. बाबा आधी लॉटचा नंबर बघायचे, मग आत्याला विचारायचे, "चिमे, हा तू चाखलाय ना?" चिमी हे तिचं घरातलं नाव, पन्नाशी उलटलेल्या बाईला या नावाने हाक मारणारा जगात एकच माणूस होता.

"चाखलाय. पण त्याने काही होत नाही, दादा."

"तू चाखलाय ना? मग झालं."

"अरे, त्यात निम्मी दारू आहे. तुला बरं वाटतं ते तिच्यामुळे."

बाबा हसायचे. बहीण विनयाने बोलते असं त्यांना वाटायचं. आमच्या आत्याला आणि विनय! पण भाऊ म्हटला की माणूस आंधळा होतो.

पाच वर्षं ही नाटकं चालली. मग एका सकाळी बाबा भाजीची पिशवी घेऊन जिना चढत असताना पहिल्या मजल्याच्या वळणावर खाली बसले. मी खाली धावले तर चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम, आणि तरी मला सांगतायत, "काही नाही, जिना जरा उंच झालाय." आत्याने त्यांचं काहीएक न ऐकता त्यांना हॉस्पिटलात नेलं. तिथे तपासण्या झाल्या. सर्जन तरुण होता, स्पष्ट बोलणारा. तीन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद, ऑपरेशन लवकरात लवकर, नाहीतर पुढचा झटका कधी येईल आणि त्यातून उठाल का हे मी सांगू शकत नाही, म्हणाला.

बाबांनी शांतपणे ऐकलं, चप्पल घातली आणि घरी आले. थेंब दहाचे पंधरा केले.

त्यानंतरचे दहा दिवस आमच्या घरात जो तमाशा झाला तो खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला असणार. मी रडले, भांडले, जेवण सोडलं. बाबा म्हणाले, "जेव, तुला उगाच अशक्तपणा येईल." आत्याने सर्जनचे कागद त्यांच्या पुढ्यात मांडले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि एका कागदावर तारीख खोडून लिहिलीय हे दाखवलं. खोडलेल्या तारखेच्या माणसाच्या हाती छाती द्यायला ते तयार नव्हते. शेवटी आत्याने हात टेकले आणि सरळ विचारलं, "दादा, तुझा त्या थेंबांवर इतका भरवसा का रे? मी तिथे काम करते. मी सांगते, त्याने ब्लॉक जात नाहीत."

"थेंबांवर कुठे भरवसा आहे?" बाबा म्हणाले. "तुझ्यावर आहे. होमिओपॅथी मला कळत नाही. पण तू 'आहे' म्हटलेली वस्तू खोटी निघत नाही, एवढं मला कळतं."

आत्याने सर्जनचे कागद गोळा करून पाकिटात घातले. भाऊ मरायला निघाला होता आणि तो तिच्याच जिभेवर बसून चालला होता. मला त्या क्षणी बाबांचा इतका राग आला आणि आत्याची इतकी दया आली की मी उठून मोरीत जाऊन उगाच भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी जेवताना आत्या सहज म्हणाली, "दादा, एक सांगायचं राहिलं. गेल्या तीन महिन्यांतला अर्जुन ऐन असावा."

बाबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. "मला घाबरवायला सांगतेस."

"खरंच सांगते. माझी चव गेलीय. थंडीत सर्दी झाली होती ना, तेव्हापासून."

"कारखान्याचा कागद आण. शिक्क्याचा. मग बघू."

हयातभर तराजूवाल्यांच्या आणाभाका ऐकलेला माणूस तो. बहिणीच्या बोलण्याने थोडाच बधणार!

सकाळी आत्या इस्त्रीचे कपडे घालून माझ्या आधी तयार होती. बसमध्ये मी विचारलं, "आत्या, खरंच चव गेलीय?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू काल भाजीत हिंग दोनदा टाकलास."

त्यानंतर ती काय करायला निघालीय हे मला कळलं आणि थांब म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. बाप माझा होता.

तिला निवृत्त व्हायला आठ महिने राहिले होते.

मालकांच्या खोलीत मलाही बोलावलं, कारण तीन लॉटची लेबलं थांबवायची होती. आत्या उभीच राहिली. "एकशे अकरा, एकशे बारा, एकशे तेरा," ती म्हणाली. "तिन्हींवर माझी सही आहे. तिन्ही वेळा मला चव लागत नव्हती. अंदाजाने आहे म्हटलं."

मालकांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मग त्यांच्यातला डॉक्टर जागा झाला. रागावायच्या ऐवजी त्यांनी खण उघडला, तीन-चार कुप्या चाळल्या आणि एकीतल्या चार पांढऱ्या गोळ्या कागदावर काढून तिच्यापुढे धरल्या. "जिभेखाली ठेवा. गेलेली चव याने परत येते."

होमिओपॅथीची गोळी म्हणजे साखर, हे लहान मुलांनाही ठाऊक असतं. म्हणून तर ती चोरून खातात. आत्याने चारही जिभेखाली ठेवल्या. मालक पुढे वाकून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मला नजर वळवावी लागली.

"गोड लागलं ना थोडं?"

"नाही," आत्या म्हणाली. "खडू चघळल्यासारखं वाटतंय."

बिचारे मागे टेकले. "बरं, केमिस्टकडून तपासून घेऊ. माल बरोबर निघाला तर कशाला उगाच बोभाटा करायचा? कुणाला कळायचंही नाही."

"तपासा. पण तोवर माल थांबवा आणि थांबवल्याची नोटीस काढा. नियम आहे. त्यावर कारण लिहा, शिक्का मारा. एक प्रत मला द्या."

"तुम्हाला कशाला?"

"माझ्याबद्दल आहे ना? मला नको?"

"ताई, असं कारण कागदावर आलं की मला तुम्हाला ठेवता येणार नाही. आठ महिन्यांचा प्रश्न आहे. आजारपणाची रजा घ्या, मी काहीतरी करतो."

"लिहा डॉक्टर," ती म्हणाली. "माझ्या नावासकट लिहा. आणि शिक्का जरा दाबून मारा, अर्धा उमटायला नको."

मालक शेवटपर्यंत गोंधळलेलेच राहिले. स्वतःच्या पायावर इतक्या नीटनेटकेपणाने धोंडा पाडून घेणारं माणूस त्यांनी पाहिलं नसावं. नोटीस टाइप झाली. 'तपासनिसाने चव लागत नसताना माल मंजूर केल्याचे स्वतः कबूल केल्यावरून' वगैरे, खाली तिन्ही लॉटचे नंबर, आणि गोल निळा शिक्का, पूर्ण उमटलेला. दुपारपर्यंत कारखानाभर झालं. भरडणाऱ्यांनी मशीन थांबवून तिच्याकडे पाहिलं. ज्या ड्रायव्हरचं पोतं तिने नुकतंच परत पाठवलं होतं, तो फाटकाशी मोठ्याने म्हणाला, "म्हणजे माझा माल चांगला होता!" आत्याने स्टुलाखालची चप्पल, डबा आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकली आणि कुणाचा निरोप न घेता निघाली.

संध्याकाळी तिने कागद बाबांच्या पुढ्यात ठेवला.

बाबांनी आधी भिंग काढलं. शिक्क्याची कड न् कड पाहिली. कागद खिडकीकडे धरून उजेडात पाहिला. सही पाहिली, तारीख पाहिली, खाडाखोड शोधली. मग उठून फळीवरची बाटली आणली आणि लेबलवरचा नंबर वाचला. एकशे बारा. ते लेबल माझ्याच हातचं होतं. पुन्हा कागद वाचला, पुन्हा बाटली. दोनदा मोजल्याशिवाय त्यांनी कधी कुणाचा काटा जप्त केला नव्हता.

"तीन महिने?" त्यांनी विचारलं.

"तीन महिने."

"आणि मी रोज विचारत होतो, तू चाखलाय ना."

"लाज वाटली सांगायला."

बाबांचा चेहरा मला बघवला नाही. मरणाची भीती असती तर मी धीर दिला असता. पण सर्जनचे कागद वाचून ज्या माणसाच्या पापणीही लवली नव्हती, तो आता खुर्चीत बसल्या बसल्या म्हातारा झाला. त्यांनी बाटलीचं बूच उघडलं, वास घेतला, मोरीत जाऊन ती उलटी केली. परत येऊन आत्याकडे न बघता मला म्हणाले, "त्या खाडाखोडवाल्याला फोन लाव."

ऑपरेशन मंगळवारी झालं. साडेपाच तास. मी आणि आत्या बाहेरच्या बाकावर होतो. आत्याने पाण्याचा घोटही घेतला नाही. मध्येच तिचा जबडा हलताना दिसला. सवयीने ती काहीतरी चावत असल्यासारखी करत होती आणि तोंडात काही नव्हतं. तेव्हा मात्र माझा बांध फुटला. सर्जन बाहेर आला आणि म्हणाला, "झालं नीट. पण फार ताणलंत तुम्ही." आत्याने त्याचे दोन्ही हात धरले आणि त्याला काही सुचेनासं होईपर्यंत सोडले नाहीत.

त्याच आठवड्यात कारखान्यात हात धुवायच्या जागी केमिस्ट माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. काचेच्या पट्ट्या धूत म्हणाली, "तिन्ही लॉटचे राखून ठेवलेले नमुने तपासले. चोख अर्जुन. सतरा पोती, एकात ऐनाचा तुकडा नाही. चव गेलेल्या बाईने सतराच्या सतरा बरोबर ओळखली."

"नशीब," मी म्हटलं.

"हो ना. नशीब." तिने नळ बंद केला. "माझ्या सासूला असंच कुणीतरी फसवायला हवं होतं." आणि ती निघून गेली. मालकांनी माल गुपचूप सोडला, नोटीस फाइलीत गेली. दोन्ही बाजूंनी अब्रूचाच प्रश्न असल्यामुळे ताकास तूर कुणी लागू दिली नाही. आत्याच्या जागी कुणी आलं नाही. आता सगळा माल पट्ट्यांवर जातो आणि ट्रक फाटकाबाहेर दोन दिवस ताटकळतात.

बाबा बरे झाले. नुसते बरे नाही, ठणठणीत. तीन महिन्यांत दोन जिने न थांबता चढायला लागले आणि वर पोचून आम्हाला ओरडायलाही दम शिल्लक राहू लागला. सकाळी तीन गोळ्या, रात्री दोन, न चुकता, पाकिटावरची तारीख तपासून. भेटायला लोक येतात. बाबा सदऱ्याची वरची बटणं काढून छातीवरचा व्रण दाखवतात आणि गोष्ट सांगतात. ती गोष्ट अशी आहे:

"पाच वर्षं अर्जुनावर मी ठणठणीत होतो. एक दिवस दुखलं नाही. मग या आमच्या चिमीची जीभ गेली आणि हिने मला तीन महिने ऐन पाजला. अर्जुन खरा असता तर ही छाती फाडून घ्यायची वेळच आली नसती. पण काय करता, घरातलंच माणूस."

पाहुणे आत्याकडे बघतात. आत्या मान खाली घालून म्हणते, "चुकलंच माझं."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सोडून दिलं. दुसऱ्यांदाही. गेल्या रविवारी बाबांचे खात्यातले जुने सोबती आले होते. गोष्ट सांगून झाल्यावर त्यांच्यातला एकजण आत्याला म्हणाला, "अहो, निदान भावाच्या औषधापुरतं तरी बघायचं नीट!" माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्याने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून निळं आहे, आणि मला ओढत स्वयंपाकघरात नेलं.

"मी सांगणार आहे," मी म्हटलं. "सगळं. पट्ट्यांचा रिपोर्टसुद्धा आणून दाखवणार, शिक्क्यासकट. किती दिवस ऐकून घेणार तू? नोकरी गेली, नाव गेलं, आणि वर हे!"

"सांग की," आत्या चहाचं आधण ठेवत म्हणाली. "जीभ शाबूत आहे, साल खरी होती, सगळं सांग. ऐकून तो खूश होईल. आणि उद्या सकाळी त्या पाच गोळ्या खिडकीतून बाहेर टाकेल आणि म्हणेल, आण ती बाटली."

ती अगदी बरोबर बोलत होती आणि ते मला मुळीच आवडलं नाही. म्हणजे बाबा जिवंत असेतोवर हिला चव नाही. शंभर वर्षं जगोत ते, मीच रोज म्हणते.

तिने कपबशा मांडल्या. आधणातला चमचाभर चहा तळहातावर घेऊन चाटला, डबा उघडून अर्धा चमचा साखर वाढवली आणि हात पदराला पुसला. बाहेरून बाबांची हाक आली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "चिमे, साखर बेतानं गं! नाहीतर पोरीला चाखायला सांग. तुला काय कळणार?"

"हो दादा," आत्याने आतून ओरडून सांगितलं, "तिलाच सांगते." आणि ट्रे माझ्या हातात दिला.